पिठ्ठूचं वजन

मागच्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी मला विचारलंत, की मामाच्या खोलीत एवढा पसारा का असतो आणि आजी, तू त्याला रागावत का नाहीस. तुमच्या आईने विषय बदलला. मीही उत्तर दिलं नाही, कारण फोनवर ते नीट सांगता आलं नसतं. म्हणून आता लिहून ठेवते. मामाला विचारूनच लिहिते आहे. तो म्हणाला, "लिही. फक्त मला हिरो करू नकोस, आणि बिचाराही करू नकोस."

माझी शिस्त तुम्हांला माहीतच आहे. माझे वडील डेपोत ओझी उचलायचे, आणि त्यांनी मला इंग्रजी शाळेत घातलं. तिथे बुटाची नाडी सैल असली तरी वर्गाबाहेर उभं करत. पुढे मी पिंपरीतल्या एका कारखान्याच्या स्टोअर्समध्ये तीस वर्षं काढली. स्टोअर्समध्ये प्रत्येक खणाला एक कार्ड टांगलेलं असतं. माल आला की लिहायचं, गेला की लिहायचं, शिल्लक किती ते लिहायचं. त्याला बिन कार्ड म्हणतात. माणसं विसरतात, कार्ड विसरत नाही, असा माझा विश्वास होता. निवृत्त होताना कोऱ्या कार्डांचा एक गठ्ठा मी घरी आणला होता. स्वयंपाकघरातल्या डब्यांवर तुम्ही जी चिकटवलेली बघता, ती त्यातलीच.

मामा सतरा वर्षं फौजेत होता. हवालदार होऊन बाहेर पडला आणि निगडीच्या या घरी माझ्याजवळ राहायला आला. आजोबा गेल्यापासून घरात मी एकटीच होते. त्याला महाळुंग्याच्या एका कारखान्यात सिक्युरिटी सुपरवायझरची नोकरी लागली. आपल्याकडे फौजेतून आलेल्या निम्म्या माणसांना हीच नोकरी लागते. गेटवर उभं राहायचं, कामगारांचे डबे आणि पिशव्या तपासायच्या, ट्रकची नोंद करायची. मला वाटलं, चला, पोरगा घरी आला, आता काळजी संपली.

काळजी तेव्हा सुरू झाली. कुकरची शिट्टी झाली की तो भिंतीला पाठ लावून उभा राहायचा आणि मग मला दिसू नये म्हणून पाणी प्यायला लागायचा. मी कुकर माळ्यावर टाकला आणि डाळ पातेल्यात शिजवायला लागले. जेवताना तो दाराकडे तोंड करूनच बसायचा. मी मागून आले तर दचकायचा. एकदा मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तर त्याने वळून माझं मनगट असं पकडलं, की आठ दिवस वळ राहिला. नंतर तो माझ्या पायाशी बसून रडला. मी म्हटलं, काही नाही झालं. पण त्या दिवसापासून मला त्याची भीती वाटायला लागली, हे मी आज पहिल्यांदा कबूल करते आहे. आपल्याच मुलाची भीती वाटणं फार वाईट असतं. त्याच्यासाठी भीती वाटणं त्याहूनही वाईट, ते मला पुढे कळलं.

मग एक दिवस गेटसमोर एका कंटेनरचं टायर फुटलं आणि मामा युनिफॉर्मसकट चिखलात पालथा पडला. शिफ्ट सुटत होती. कामगार आधी हसले. तो उठेना, तेव्हा गप्प झाले. त्याच्याबरोबर काम करणाऱ्या दुसऱ्या एका माजी सैनिकाने त्याला घरी आणून सोडलं. हा मित्र तळवड्याला राहतो. जाताना दारात त्याला म्हणाला, "हवालदार, आपल्यासारख्यांचा एक ग्रुप हाय. मोबाईलवर असतो, दर रविवारी. मी बी जातो. लाजायचं काय कारण न्हाई."

असा तो ग्रुप आमच्या घरात आला. रविवारी सकाळी अकरा वाजता. पडद्यावर म्हणे दहा-बारा चौकोन, प्रत्येकात एक मिशीवाला. एक निवृत्त सुभेदार तो चालवायचे आणि त्यांच्याबरोबर एक समुपदेशक बाई असायच्या. सगळे त्यांना ताई म्हणत. तिथला पहिला नियम असा, की बोललेलं बाहेर जाणार नाही आणि खोलीत घरचं कुणी असणार नाही. मामाने पहिल्याच दिवशी मला बजावलं, "आई, तू दाराजवळ आलीस, तर मी हे कायमचं बंद करीन." मी त्याला शब्द दिला.

तो शब्द मी पाळला नाही. दाराजवळ गेले नाही, एवढंच. मामाला कानात काही घालवत नाही, पाठीमागचं ऐकू येत नाही म्हणून. त्यामुळे मोबाईल मोठ्या आवाजात असायचा. त्याची खोली आणि माझा ओटा यांमध्ये एकच भिंत, आणि भिंतीत वर झरोका. मी भाजी निवडत बसायची आणि सगळं ऐकायची.

बरंचसं हसण्याचंच असायचं. साताऱ्याकडचा एक नायक, म्हणजे हवालदाराच्या खालच्या हुद्द्याचा जवान, दर वेळी गोठ्यातून बोलायचा, कारण रेंज तिथेच यायची. एकदा मोठा हंबरडा आला, तसे सुभेदार म्हणाले, "कोण रडतंय?"

"म्हैस हाय साहेब."

"तिला म्यूट कर, भावा."

"घरात माजंच कोण ऐकत न्हाई, ती काय ऐकती!"

मामाही हसायचा. भिंतीच्या अलीकडे मीही, तोंडाला पदर लावून.

पण ग्रुपची खरी रीत होती हजेरीची. सुरुवातीला ताईंनी प्रत्येकाला विचारलं होतं, कसं वाटतंय? तर बाराच्या बारा जण म्हणाले, "सब ठीक." फौजेत वरिष्ठाने विचारलं की हेच सांगायचं असतं, मग पाय मोडलेला का असेना. म्हणून सुभेदारांनी 'सब ठीक' म्हणायला बंदी केली आणि त्याऐवजी वजन विचारायला सुरुवात केली. पिठ्ठू म्हणजे जवानाच्या पाठीवरची मोठी पिशवी. आज तुझा पिठ्ठू किती किलोचा आहे, एवढंच सांगायचं. ते त्यांना जमायचं. मनातलं विचारलं की कुलूप लागायचं, किलो विचारले की खरं बाहेर यायचं. कुणी म्हणायचा बारा, कुणी वीस. मामा पहिल्या रविवारी म्हणाला, "अडतीस."  हळूहळू मला कळलं त्यात काय आहे ते. वर सरहद्दीवर त्यांच्या तुकडीवर बर्फाचा कडा कोसळला होता. मामाने हातांनी बर्फ उकरून दोघांना काढलं. तिसराही सापडला, पण उशिरा.

त्या पहिल्याच रविवारी मी गठ्ठ्यातलं एक कोरं कार्ड काढलं आणि त्यावर लिहिलं, अडतीस. पुढच्या रविवारी छत्तीस. मग छत्तीसच. मग एकतीस. मला वाटलं, हेच तर माझं काम, मी आयुष्यभर हेच केलं. कार्ड मी साखरेच्या डब्यामागे ठेवायची. उन्हाळा सरला, आकडा चोवीसवर आला. नंतर तो भराभर उतरायला लागला. सोळा. नऊ. चार. मी ते कार्ड दिवसातून दोनदा काढून बघायची आणि परत ठेवायची. तुमच्या आईला मी फोनवर म्हणाले, "तुझा भाऊ बरा होतोय." कशावरून, ते मात्र सांगितलं नाही.

त्याच आठवड्यात, बुधवारी, मी त्याच्या खोलीत कपडे ठेवायला गेले आणि दारातच थांबले. खोली आरशासारखी. चादरीला एक सुरकुती नाही. त्याची काळी ट्रंक, तीच जिच्यावर पांढऱ्या रंगात त्याचा नंबर आहे, ती भिंतीला समांतर ठेवलेली होती. झाकण उघडून बघितलं. युनिफॉर्म इस्त्री करून, पदकं रुमालात, मोजे जोडीजोडीने गुंडाळून, पेन्शनची आणि बँकेची कागदपत्रं एका फायलीत. आणि झाकणाला आतून चिकटवलेली यादी, त्याच्या सुरेख अक्षरात, अनुक्रमांक घालून. अगदी माझ्या स्टोअर्ससारखी. माझा ऊर भरून आला. तो मागे येऊन उभा होता. मी म्हटलं, "शेवटी माझा मुलगा शोभलास!"

तो हसला. कितीतरी महिन्यांनी असा मोकळा हसला. म्हणाला, "तुला शोधाशोध करावी लागू नये म्हणून."

मला ते प्रेमाचं वाक्य वाटलं. प्रेमाचंच होतं म्हणा.

मग तो रविवार आला. मी शेवयांची खीर करत होते. पलीकडे हजेरी सुरू झाली. चौदा, बावीस, अकरा. मामाची पाळी आली.

"शून्य," तो म्हणाला.

"आरं वा राव!" गोठ्यातला नायक ओरडला. "पेढं पाठव आता!" दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या. मी कार्ड काढलं, पेन हातात घेतलं. सुभेदारांचा आवाज काही येईना. मला वाटलं रेंज गेली.

मग ते हळू म्हणाले, "हवालदार, पिठ्ठू कुठं उतरवलास?"

"उतरवला, साहेब. आता लागत नाही."

"नायक, तू सांग. जवान पिठ्ठू कधी उतरवतो?"

नायकाचा आवाज एकदम बदलला होता. "घरी आल्यावर, साहेब."

"अजून कधी?"

"शेवटच्या चढाईआधी. पायथ्याला ठेवून जातो. मग वर काय हुईल ते हुईल."

खीर करपायला लागली होती. मला वास येत होता, पण मी कार्ड धरून झरोक्याखालीच उभी होते.

"आणि त्याच्याही आधी आपण काय करायचो?" सुभेदार मामालाच विचारत होते. "ट्रंक बांधायचो. यादी झाकणाला आतून, घरच्यांसाठी पत्रांची पाकिटं वर. म्हणजे मागं राहिलेल्यांना त्रास नको. हवालदार, ट्रंक बांधलीस का?"

"नाही साहेब," मामा शांतपणे म्हणाला. "सब ठीक."

ते खोटं आहे हे त्या बारा चौकोनांतल्या कुणालाच कळणार नव्हतं. ते फक्त मला माहीत होतं. मी ते डोळ्यांनी पाहिलं होतं, त्याला शाबासकी दिली होती. स्टोअर्समध्ये शिल्लक शून्यावर आली तर आम्ही धावत सुटायचो, खण रिकामा म्हणून लाल कार्ड लावायचो. आणि इथे माझ्याच हातातल्या कार्डावर शून्य लिहायला मी आनंदाने पेन उघडलं होतं.

मी गॅस बंद केला. त्याच्या दाराशी गेले आणि तिथे थांबले.  आत गेले तर त्याला कळणार होतं, की आई इतके महिने भिंतीला कान लावून होती. तो ग्रुप बंद करणार होता, तसं त्याने सांगितलंच होतं, आणि तो बोलला की करतो. त्या मोबाईलवरच्या चौकोनांखेरीज त्याला धरून ठेवणारं दुसरं काही नव्हतं. माझ्या हाताने मी तेच तोडणार होते का? पण गेले नाही तर? पलीकडे ताई काहीतरी विचारत होत्या आणि तो "नाही, नाही" म्हणत होता, इतका गोड, इतका समजूतदार. तो समजूतदार आवाज मला सहन झाला नाही.

मी दार उघडलं. म्हटलं, "साहेब, ट्रंक बांधलेली आहे. बुधवारीच."

मामाने माझ्याकडे बघितलं. ते डोळे मी लिहिणार नाही. मग त्याचा हात मोबाईलकडे गेला, बंद करायला.

"हवालदार, सावधान!"

सुभेदारांचा आवाज घरभर घुमला. मामाचा हात तिथेच थांबला. सतरा वर्षांची सवय. मनाने नाही, पाठीच्या कण्याने ऐकलं. पुढे एकदा सुभेदार मला फोनवर म्हणाले, "माताजी, ताईंच्या पद्धतीत हुकूम बसत नाही. पण त्या वेळी माझ्याकडे दुसरं काही नव्हतं."

"किट लेआउट," ते म्हणाले. "मोबाईल टेबलावर ठेव. ट्रंक पलंगावर रिकामी कर. एकेक वस्तू दाखव. आम्ही सगळे बघतोय."

किट लेआउट म्हणजे आपलं सगळं सामान तपासणीसाठी पलंगावर मांडणं. मामाने मोबाईल टेबलावर ठेवला. मग त्याने झाकण उघडलं. वरची पाकिटं बाजूला ठेवली, युनिफॉर्म काढला. पदकं काढली. मोजे काढले, तेव्हा नायक रडवेल्या आवाजात म्हणाला, "भावा, ह्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक हाय. आसला मोजा घेऊन कुठं चालला हुतास?" आणि मामा हसला. हसताहसताच तो पलंगाच्या कडेला खाली बसला.

तेव्हा ताईंनी त्याला स्पष्ट शब्दांत विचारलं, "तू जीव द्यायचा विचार करतो आहेस का?" मला वाटलं, हा शब्द कसा उच्चारतात! पण त्यांनी तो असा विचारला, जसा डॉक्टर विचारतो कुठे दुखतंय. आणि मामा म्हणाला, "हो."

कुणी ओरडलं नाही. ताई म्हणाल्या, "सांगितलंस, बरं केलंस. आता पुढचं आपण मिळून करू." मग मला म्हणाल्या, "काकू, त्याच्याजवळ बसा. उठू नका." मी बसले. या वेळी मी समोरून, त्याला दिसेल असा त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. ग्रुप त्या दिवशी कुणी सोडला नाही. तळवड्याचा मित्र तेवढा आपल्या चौकोनातून नाहीसा झाला आणि थोड्या वेळाने आमच्या दारात गाडीसह उभा होता. त्याच दुपारी आम्ही मामाला डॉक्टरांकडे नेलं. तो काही दिवस तिथेच राहिला. तेव्हा मी तुम्हांला सांगितलं होतं, की मामा ट्रेनिंगला गेलाय. ते खोटं होतं. माफ करा.

ट्रंकेत सगळ्यांत वर तीन पाकिटं होती, बुधवारनंतर ठेवलेली. एक माझ्या नावाचं, एक तुमच्या आईचं आणि एकावर तुम्हां दोघांची घरातली लाडाची नावं. ती माझ्या कपाटात आहेत. मी उघडलेली नाहीत आणि उघडणारही नाही. त्यांचं काय करायचं ते मामा ठरवेल. माझ्या कपाटात कार्ड न लावलेली तेवढी एकच वस्तू आहे.

मी चोरून ऐकलं याबद्दल मामा माझ्याशी बरेच दिवस बोलला नाही. डॉक्टरांच्या गोळ्या घ्यायचा, जेवायचा, बोलायचा नाही. ती मला मोठी शिक्षा होती, आणि मी ती नीट भोगली. मग एका रविवारी अकराला पाच मिनिटं असताना तो स्वयंपाकघराच्या दारात आला आणि म्हणाला, "आई, खाली बागेत जाऊन बस. माझं झालं की मीच सांगतो." तेव्हापासून दर रविवारी मी खाली बाकावर बसते. तासाभराने तो खाली येतो आणि आकडा सांगतो. मी तो लिहून घेत नाही. सव्वीस म्हणाला, तर मला बरं वाटतं. एकदम कमी झाला, तर मी विचारते, "बाकीचं कुठे ठेवलंस?" आणि त्याला ते सांगावं लागतं. परवा म्हणाला, चार किलो नायकाने घेतलं, म्हशीवर टाकलं.

म्हणून आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. डिसेंबरात तुम्ही याल, तेव्हा मामाच्या खोलीत काही आवरू नका. खुर्चीवरचे कपडे तसेच राहू द्या. ट्रंकेचं झाकण त्याने स्वतः बिजागरीपासून काढून माळ्यावर टाकलंय, माझ्या कुकरशेजारी. ते खाली आणू नका.

आज सकाळी तो सातच्या शिफ्टला गेला आणि मी रोजच्यासारखी त्याच्या दारात उभी राहिले. पलंगावरची चादर घडी करून ठेवलेली होती.  मी चौकटीला धरून एकेक करत बघत गेले. टेबलावर उष्टा कप. खिडकीत ओला टॉवेल. उघड्या ट्रंकेत मोज्यांचा ढीग, एकाचीही जोडी लावलेली नाही. मी तिथेच उंबऱ्यावर बसले. मग मोबाईल काढून त्याला लिहिलं, "चादर का घातलीस घडी?"

गेटवरून त्याचं उत्तर यायला चौदा मिनिटं लागली. "चहा सांडला होता, आई. घडीत लपवला. रागावू नकोस."

मी चादर उलगडली. डाग होता.